टॉवर पडल्यावर बोलणारी माणसं: हॅम रेडिओ क्लबात नक्की चालतं काय?

मोठं वादळ, पूर किंवा भूकंप झाला की दोन-तीन दिवसांत एक छोटी बातमी हमखास दिसते. मोबाइल बंद होते, नेट नव्हतं, लाइट नव्हती आणि हॅम रेडिओवाल्यांनी संपर्क साधून दिला. बातमी चार ओळींत संपते. वाचणाऱ्याला मात्र प्रश्न पडतात, हे लोक कोण, त्यांच्याकडं असं काय असतं जे एवढ्या मोठ्या मोबाइल कंपन्यांकडं नसतं, आणि वादळ नसतं तेव्हा हे वर्षभर करतात काय?

अलीकडचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळानं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागात हाहाकार केला, रस्ते वाहून गेले, केबली तुटल्या, टॉवर गप्प झाले. त्या दिवसांत माउंट मिचेल नावाच्या उंच डोंगरावरचा हॅम लोकांचा एक रिपीटर चालू राहिला (रिपीटर म्हणजे काय ते पुढं येतंय) आणि कोण कुठं अडकलंय, कुठला रस्ता उघडा आहे, कोणाला औषध हवंय हे लोक त्याच्यावरून एकमेकांना सांगत होते. लायसन्स नसलेले लोकसुद्धा नुसतं ऐकायला त्यावर कान लावून बसले होते.

बातमीत फक्त रेडिओ दिसतो. त्या रेडिओमागं वर्षभराचा सराव असतो आणि तो बहुतेक वेळा एखाद्या छोट्या लोकल क्लबात झालेला असतो, हे कुणी लिहीत नाही म्हणून हा लेख.

आधी मुळातलं: हॅम म्हणजे कोण?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. हौशी असला तरी त्याला आपल्या देशाच्या सरकारची परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. परीक्षेत थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम आणि रेडिओवर बोलायची पद्धत एवढं विचारतात. पास झालात की तुम्हाला कॉलसाइन मिळतो, म्हणजे जगात फक्त तुमचा असा अक्षर-आकड्यांचा एक कोड. त्याच्या सुरुवातीवरून देश कळतो, व्हीयू म्हटलं की भारत, जेए म्हटलं की जपान, जी म्हटलं की इंग्लंड. हवेत बोलताना नाव सांगा नका सांगू, कॉलसाइन सांगावाच लागतो.

याचे मूळ नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणजे आयटीयू ठरवतो. त्यांच्या व्याख्येत हौशी रेडिओचे तीन उद्देश दिलेत: स्वतःला शिकवणं, एकमेकांशी संपर्क आणि तांत्रिक शोध, आणि हे सगळं पैशाचा फायदा न बघता. पहिला उद्देश बघा, स्वतःला शिकवणं. आपत्तीत मदत हा या छंदाचा सगळ्यात मोठा उपयोग असं लोक समजतात, पण व्याख्येत शिकणं आधी आहे आणि मला ते फार बरोबर वाटतं, कारण मदत त्या शिकण्यातूनच येते.

म्हणून यावर गाणी लावता येत नाहीत, जाहिरात करता येत नाही, धंद्याची बोलणी करता येत नाहीत. दोन-चार माणसं आपसात बोलतात, बाकीचे ऐकतात.

मोबाइल बंद पडतो तेव्हा हे कसं चालतं?

मोबाइलवरून शेजारच्या गल्लीत फोन लावला तरी आवाज थेट तिकडं जात नाही. तुमचा फोन टॉवरशी बोलतो, टॉवर केबलीनं किंवा लिंकनं कंपनीच्या एक्स्चेंजशी, तिथून दुसरा टॉवर, मग समोरचा फोन. या साखळीतली एक कडी तुटली की दोघांचे फोन चांगले असूनही मुके होतात, आणि मोठ्या आपत्तीत तर लाइट जाते, जनरेटरचं डिझेल संपतं, केबल तुटते, वर सगळे एकदम फोन लावतात ते वेगळंच.

हॅम रेडिओत दोन सेट, दोन अँटेना आणि दोन बॅटऱ्या एवढ्यावर काम होतं. मधे कोणाची कंपनी नाही, बिल नाही, सर्व्हर नाही. या सगळ्याचं बळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

पण मग लांब कसं जातं? इथं फ्रिक्वेन्सी थोडी समजून घ्यावी लागेल, फार नाही. हॅम लोकांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे दिलेले असतात, त्यांना बँड म्हणतात. त्यातले दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला व्हीएचएफ, ज्यात 144 मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड सगळ्यात जास्त वापरतात. या लहरी साधारण सरळ जातात, त्यामुळं हातातला पाच वॉटचा सेट जमिनीवरून काही किलोमीटर चालतो आणि डोंगर आडवा आला की संपलं. त्यावर उपाय म्हणजे रिपीटर. उंच डोंगरावर किंवा इमारतीवर ठेवलेलं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीनं सोडतं. तुम्हाला फक्त डोंगरापर्यंत पोहोचायचं, पुढचे पन्नास-शंभर किलोमीटर त्याचं काम. हे रिपीटर बहुतेक क्लबच बसवतात आणि सांभाळतात, वर्गणी काढून, बॅटऱ्या पाठीवर वाहून.

दुसरा प्रकार एचएफ, 3 ते 30 मेगाहर्ट्झ. यात मजा आहे. आकाशात साधारण 60 किलोमीटरपासून वर काही शे किलोमीटरपर्यंत सूर्यामुळं विजेनं भारलेले थर असतात, त्याला आयनोस्फिअर म्हणतात, आणि एचएफच्या लहरी वरच्या थरातून वाकून परत जमिनीवर येतात. कॅरममध्ये समोरची सोंगटी थेट मिळत नसली की आपण स्ट्रायकर कडेवर मारून रिबाउंड घेतो, तसंच हे, फक्त कड साधारण 300 किलोमीटर वर आहे आणि ती दिवसभर हलत असते. एका रिबाउंडमध्ये तीन-चार हजार किलोमीटर जाता येतं, मग जमिनीवर आपटून पुन्हा वर. शंभर वॉटमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या पॉवरमध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी बोलणं होतं.

पण कड हलते म्हणजे काय तर दिवसा खालचा एक थर तयार होतो जो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो. त्यामुळं 7 मेगाहर्ट्झवर दुपारी काही शे किलोमीटरच ऐकू येतात आणि रात्री तोच बँड हजारो किलोमीटर उघडतो, 14 मेगाहर्ट्झचं साधारण उलटं, तो दिवसा लांब जातो. शिवाय सूर्याचं कमी-जास्त खवळण्याचं अकरा वर्षांचं चक्र असतं. मे 2024 मधलं मोठं सौर वादळ आठवत असेल, ज्यात एरवी दिसत नाही अशा ठिकाणीही आकाश लाल-गुलाबी झालं होतं, त्या दिवसांत लोक फोटो काढत होते आणि एचएफवाले मध्येच ओस पडलेले बँड चाळत होते. कुठल्या वेळी कुठला बँड चालेल हे पुस्तकात वाचून अर्धंच कळतं, बाकीचं रोज ऐकूनच कळतं. म्हणूनच क्लब लागतो.

आठवड्याची हजेरी, जिला नेट म्हणतात

जवळपास प्रत्येक क्लबाची आठवड्यातून एकदा, काहींची रोज, ठरलेल्या वेळी रिपीटरवर किंवा एचएफवर एक सभा असते. तिला नेट म्हणतात, इंटरनेटशी काही संबंध नाही. एक जण नेट कंट्रोल असतो, म्हणजे सूत्रं त्याच्याकडं. तो आधी विचारतो, कोणाकडं इमर्जन्सी निरोप आहे का, आणि थांबतो. मग एकेकाला हजेरी लावायला बोलावतो.

बाहेरच्या माणसानं ऐकलं तर कंटाळवाणं वाटेल. कॉलसाइन, कुठून बोलतोय, तुमचा आवाज कसा येतोय, पुढचा. पण नीट ऐका तिथं काय शिकवलं जातंय. नवीन माणूस बटण दाबल्या दाबल्या बोलायला लागतो आणि त्याच्या कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं खाल्ली जातात, कारण रिपीटर उघडायला अर्धा-एक सेकंद लागतो. मग कोणीतरी प्रेमानं सांगतो, बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्याचं संपल्यावर लगेच उडी मारायची नाही, मधे जरा जागा सोडायची, कारण अपघातात अडकलेल्या माणसाला मधे घुसायचं असेल तर त्याला तेवढीच फट मिळते. दोघं एकदम बोलले तर एफएमवर (रिपीटरवर आवाज सहसा याच पद्धतीनं जातो) जोरकस सिग्नल दुसऱ्याला झाकून टाकतो नाहीतर नुसती किंचाळी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना पत्ताच नसतो की असं झालं.

अक्षरं सांगताना बी आणि डी सारखेच ऐकू येतात म्हणून ब्राव्हो, डेल्टा असं म्हणायचं, हे तर पहिल्या दिवशीचं. आवाज कसा येतोय हे आकड्यात सांगायचं, पहिला आकडा 1 ते 5 किती समजतंय त्याचा, दुसरा 1 ते 9 सिग्नल किती जोराचा त्याचा. जास्तीत जास्त स्टेशनं गाठायच्या स्पर्धेत सगळेच एकमेकांना फाइव्ह नाइन देऊन मोकळे होतात, ती सवय मला अजिबात आवडत नाही, कारण नेटवर खरा रिपोर्ट मिळाला तरच माणसाला कळतं की त्याच्या केबलमध्ये पाणी शिरलंय किंवा कनेक्टरचं सोल्डरिंग सुटत आलंय.

गवयाचा कान तयार होतो म्हणतात तसा इथंही होतो. दोन-तीन वर्षं नेट ऐकणारा माणूस खरखरीतून, एकावर एक चढलेल्या आवाजांतून कॉलसाइन उचलतो, जिथं नवख्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. हे कुठलं यंत्र विकत घेऊन येत नाही.

निरोप जसाच्या तसा पोहोचवणं

काही क्लब आणखी पुढं जातात आणि लेखी निरोप पोहोचवायचा सराव करतात. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, "चाळीस ब्लँकेट आणि चौदा इन्शुलिन पाठवा, शाळेचा दक्षिणेकडचा दरवाजा" हे वाक्य तीन माणसांकडून खरखरीतून पुढं पाठवा आणि शेवटी काय उरतं बघा. चाळीसचे चौदा होतात, दक्षिणेकडचा गायब होतो.

म्हणून निरोपाला ठरलेला साचा असतो. निरोपाचा नंबर, किती तातडीचा, मूळ पाठवणारं स्टेशन, जागा, वेळ, तारीख आणि मजकुरात एकूण शब्द किती तो आकडा. हा शेवटचा आकडा मला फार हुशारीचा वाटतो. घेणारा लिहून घेतो, स्वतःचे शब्द मोजतो, आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथं म्हणतो, अमुक शब्दानंतरचं पुन्हा सांगा. तारेच्या काळातली युक्ती आहे आणि आजही तितकीच कामाची. आकडे एकेक अंक सुटा करून सांगायचे, चाळीस म्हटल्यावर चार शून्य असंही म्हणायचं. पाठवणाऱ्यानं समोरचा लिहितोय हे लक्षात ठेवून बोलायचं, म्हणजे तीन-चार शब्द आणि थांबायचं. आणि मजकुरात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही, विचारायचं.

याला सराव लागतो. दोन-चारदा केल्यावरच हात बसतो.

लपलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ

क्लबाच्या सगळ्या उद्योगांत मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो फॉक्स हंट, म्हणजे कोल्ह्याची शिकार. कोल्हा म्हणजे कुठंतरी झुडपात लपवलेला छोटा ट्रान्समीटर, तो थोड्या थोड्या वेळानं बीप सोडतो आणि तुम्ही दिशा दाखवणारी अँटेना हातात घेऊन त्याला शोधायचं. ती अँटेना बरेच जण प्लॅस्टिकच्या पाइपला स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून स्वतःच करतात, कारण झाडीत घुसताना पट्टी वाकते आणि परत सरळ होते.

लांबून सोपं असतं, जिकडं आवाज जोरात तिकडं चालायचं. फसवणूक पुढं सुरू होते. भिंतीवरून, कड्यावरून सिग्नल उलटून येतो आणि अँटेना ठामपणे चुकीची दिशा दाखवते. म्हणून एका जागी विश्वास ठेवायचा नाही, दोन-तीन जागांवरून दिशा घेऊन नकाशावर रेघा मारायच्या आणि त्या जिथं कापतात तिथं जायचं. अगदी जवळ गेल्यावर तर सिग्नल इतका जोरात होतो की अँटेना कुठंही फिरवा, काटा टोकालाच. तेव्हा अनुभवी माणूस फ्रिक्वेन्सी किंचित बाजूला सरकवतो, मोठी अँटेना काढून टाकतो, हातातला सेट छातीशी धरतो आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरतो. शरीर सिग्नल अडवतं, त्यामुळं आवाज सगळ्यात कमी झाला की समजायचं, कोल्हा पाठीमागं आहे.

हा नुसता खेळ आहे का? कोणाच्या सेटचं बटण अडकून सगळा रिपीटर तासन्‌तास जाम होतो, एखाद्या खराब चार्जरमुळं बँडभर खरखर पसरते, तेव्हा हीच माणसं ते शोधून काढतात. अडचणीत सापडलेल्या विमानाचा बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल सोडणारं यंत्र, शोधायचं तंत्रसुद्धा मुळात हेच आहे.

चोवीस तास बाहेर

अमेरिकेतल्या हॅम संघटनेनं 1933 साली फील्ड डे सुरू केला आणि आता बऱ्याच देशांतले क्लब अशा प्रकारचे दिवस पाळतात. घरातली लाइट वापरायची नाही, उघड्यावर जाऊन स्टेशन उभं करायचं आणि चोवीस तासांत जमतील तेवढी स्टेशनं गाठायची. नावाला स्पर्धा, खरं तर आपत्तीची रंगीत तालीम.

तिथं काय काय अडतं ते बघण्यासारखं असतं. 7 मेगाहर्ट्झसाठी साधारण 20 मीटर तार लागते, मधोमध केबल जोडायची आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते आणि त्याच्या निम्मी तार लागते, हे गणित सगळ्यांना येतं, पण ती झाडावर चढवायची कशी, दोरी अडकली तर काय, हे करूनच कळतं. तार फार उंच बांधायचीच असंही नाही, चार-पाच मीटरवर ठेवली तर लहरी जवळपास सरळ वर जातात आणि सरळ खाली येतात, त्यामुळं डोंगरापलीकडच्या दरीतलं स्टेशन मिळतं, जे हातातल्या सेटनं कधीच मिळालं नसतं.

मग बॅटरी. शंभर वॉटचा सेट बोलताना 20 अँपिअरच्या आसपास ओढतो, नुसता ऐकताना एक-दोन. म्हणजे बॅटरी किती तास पुरेल हे तुम्ही किती बडबडता त्यावर आहे. आणि कनेक्टर! एकाची बॅटरी, दुसऱ्याचा सेट आणि दोघांचे प्लग वेगळे, यात अर्धा तास गेलेला सगळ्यांनी बघितलेला असतो, म्हणून शहाणे क्लब सगळ्यांना एकाच प्रकारचे कनेक्टर लावायला लावतात. रात्री तीन वाजता लॉग, म्हणजे कोण कधी मिळालं त्याची नोंद, लिहिणाऱ्याचे डोळे मिटायला लागतात आणि ड्यूटी बदलायला कोण येणार हे ठरलेलं नसतं, ही अडचणसुद्धा खऱ्या आपत्तीत जशीच्या तशी येते.

अंतराळ स्टेशनशी गप्पा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनवर 2000 सालापासून हॅम रेडिओ आहे. साधारण 400 किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं, त्यामुळं एका जागेवरून फार तर दहा मिनिटं दिसतं. क्लब शाळांना मदत करतात आणि मुलं थेट अंतराळवीरांना प्रश्न विचारतात. दहा मिनिटांत सगळ्यांचे प्रश्न बसवायचे म्हणून आधी घड्याळ लावून तालीम होते. स्टेशन जवळ येताना फ्रिक्वेन्सी थोडी वर आणि लांब जाताना थोडी खाली लागते, शाळेत शिकलेला डॉपलर परिणाम मुलांना सेटवर दिसतो. कधीकधी तिथून 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रंही पाठवतात, किरकिर आवाजाच्या रूपात, आणि फोनवरच्या अ‍ॅपनं त्याचं चित्र एकेक ओळ उलगडत जातं.

हॅम लोकांचा पहिला उपग्रह ऑस्कर-1 तर 12 डिसेंबर 1961 लाच गेला होता, स्पुटनिक या जगातल्या पहिल्या उपग्रहानंतर साधारण चार वर्षांनी, आणि तो मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या भाषेत) फक्त एक शब्द म्हणत होता, हाय.

"मी सेट घेऊन कपाटात ठेवतो, वेळ आली की काढीन"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर मला मनापासून द्यावंसं वाटतं.

समजा तुम्ही हातातला सेट आणला आणि ठेवून दिला. वेळ आली. पहिलं, बॅटरी उतरलेली. दुसरं, जवळचा रिपीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे माहीत नाही, आणि माहीत असलं तरी बऱ्याच रिपीटरना आवाजासोबत एक बारीक टोन पाठवावा लागतो, तो सेट केला नाही तर तुम्ही कितीही ओरडा, रिपीटर उघडणारच नाही, तुम्हाला मात्र वाटत राहणार की पलीकडं कोणीच नाही. तिसरं, सेटसोबत आलेली आखूड अँटेना घरात बसून वापरलीत तर ती जेमतेम चालते, गच्चीवर जा, साधी मोठी अँटेना लावा, फरक लगेच कळतो. चौथं, पलीकडं नेट चालू असेल आणि तुम्ही मधेच घुसलात तर अडकलेल्या माणसाचा निरोप तुमच्यामुळं तुटू शकतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच प्रकार.

लायसन्सचा प्रश्न आहेच. जिवावर बेतलं तर बऱ्याच देशांचे नियम मिळेल त्या साधनानं मदत मागायला मोकळीक देतात, पण सराव करायचा तर लायसन्स हवंच, आणि सरावाशिवाय सेटचा उपयोग नाही.

उलट बाजूचं उदाहरण बघा. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांची टीम अंदमानात हॅम स्टेशन लावून बसली होती, कारण तिथून कित्येक वर्षं कोणीच हॅम रेडिओवर बोललं नव्हतं. हॅम लोक जगभरातले देश आणि बेटं "गोळा" करतात, त्या यादीत 340 नावं आहेत आणि त्यातली 100 गाठली की एक मानाचं सर्टिफिकेट मिळतं, त्यामुळं अंदमान मिळवायला जगभरातून झुंबड उडाली होती. म्हणजे निव्वळ हौस. 26 डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन गेले आणि त्याच टीमनं त्याच सेटवर बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवायला सुरुवात केली. अँटेना वर होत्या, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, आणि आदल्या दिवसापर्यंत गर्दीतून एकेक कॉलसाइन उचलून कान तयार झालेले होते.

सॅटेलाइट इंटरनेट आलंय की आता, मग हे कशाला?

आलंय आणि चांगलंय, हॅम लोक स्वतःही वापरतात. जिथं डिश पोहोचली, लाइट मिळाली, तिथं जास्त माहिती त्याच्यावरूनच जाईल आणि जावी. पण ती डिश पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास-दिवस कोण सांभाळणार? शिवाय फोन असो की इंटरनेट, ते एकाला एक जोडतं. रेडिओवर एक जण बोलला की त्या भागातले सगळे ऐकतात, पूल तुटलाय हे एकदाच सांगायचं. एचएफवरून ईमेल पाठवायची विनलिंक नावाची सोयही आहे, इंटरनेट नसलेल्या गावातून लहर निघते आणि इंटरनेट असलेल्या लांबच्या स्टेशनात उतरते. 2017 मध्ये मारिया वादळानंतर पोर्टो रिकोत रेड क्रॉसनं हॅम ऑपरेटर मागवले तेव्हा लोकांच्या खुशालीच्या याद्या बाहेर काढणं हेच मोठं काम होतं.

कोणीही ऐकू शकतं, मग गैरवापराचं काय?

हो, कोणीही ऐकू शकतं, आणि मुद्दाम तसंच ठेवलंय. अर्थ लपवण्यासाठी कोड वापरायला हॅमना बंदी आहे. सगळं उघड असल्यानं चुकीचं बोलणारा लगेच कळतो, आणि कोल्हा शोधणारी माणसं त्याच क्लबात आहेत हे विसरू नका. याची दुसरी बाजू म्हणजे खाजगी गोष्टी इथं बोलायच्या नाहीत. म्हणून सरावातच शिकवतात की जखमींची नावं, आजार, कुठल्या घरात कोणी नाही असलं काही मोकळ्या हवेत उच्चारू नका.

लहरींनी तब्येतीला त्रास होतो का असंही विचारतात. पाच वॉटच्या सेटची चिंता करण्यासारखं काही नाही, मोठ्या पॉवरच्या अँटेनापासून मात्र अंतर ठेवायचं आणि चालू असताना हात लावायचा नाही, चटका बसतो. खरा धोका वेगळाच आहे, अँटेना चढवताना ती विजेच्या तारेवर पडणं. त्यानं माणसं दगावलीत. कुठलाही बरा क्लब नवख्याला सोल्डरिंगच्या आधी हे शिकवतो, की वर बघा, तारा कुठं आहेत, आणि अँटेना आडवी पडली तरी त्यांना लागणार नाही एवढं लांब जा.

म्हाताऱ्या माणसांचा छंद ना हा?

क्लबात पांढरे केस जास्त दिसतात हे खरंय, आणि त्यांच्याकडूनच शिकायला मिळतं हेही. पण मोर्स यायलाच हवा ही आंतरराष्ट्रीय अट 2003 मध्ये निघाली. 2017 मध्ये एफटी8 नावाची पद्धत आली, पंधरा-पंधरा सेकंदांच्या हप्त्यांत कॉम्प्युटर एवढे बारीक सिग्नल पकडतो की कानाला ते ऐकूसुद्धा येत नाहीत. ती करणाऱ्यांपैकी एक जो टेलर, ज्यांना एका नव्या प्रकारच्या पल्सारच्या (रेडिओ लहरींचे ठोके सोडणारा तारा) शोधासाठी 1993 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, आणि ते लहानपणापासून हॅम. आज टीव्ही ट्यूनरच्या छोट्या डोंगलचा रेडिओ करणारी, उपग्रहाची माहिती स्वतः उतरवणारी तरुण मुलं क्लबात येतायत. सॉफ्टवेअर येणाऱ्याला अँटेना बांधता येत नाही आणि अँटेनावाल्याला सॉफ्टवेअर, एका टेबलावर बसले की दोघांचं काम होतं.

सुरुवात करायची तर

सेट घ्यायची घाई करू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे, ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथल्या अँटेनावर काय येतंय ते तुम्हाला ऐकू येतं. 7 मेगाहर्ट्झच्या वर शंभर-दोनशे किलोहर्ट्झ, म्हणजे 7100 ते 7200 किलोहर्ट्झच्या मधे कुठंतरी लावा, एलएसबी निवडा (आवाज पाठवायचा एक प्रकार, या बँडवर तोच चालतो), आणि बदकासारखा आवाज माणसासारखा होईपर्यंत हळूहळू सरकवा. एकदा तिथल्या दुपारी ऐका आणि एकदा तिथल्या रात्री, वर लिहिलेला रिबाउंड कानांना कळेल. ऐकलेले कॉलसाइन वेळेसकट वहीत लिहा, पहिल्या दिवशी एखादाच धड लागतो, काही बिघडत नाही.

मग आपल्या भागातला क्लब शोधा, परीक्षेचे आणि ऐकण्याचेसुद्धा आपल्या देशाचे नियम त्यांना पाठ असतात, आणि नेटच्या वेळी कोणाच्या तरी शेजारी बसून ऐकायला मागा. सहसा नाही म्हणत नाहीत. जाताना ती वही घेऊन जा, कुठल्या वेळी कुठला देश आला ते बघून ते तुम्हाला सांगतील पुढं कुठला बँड ऐकायचा.